एका तारेची काटकसर

सांगलीच्या विश्रामबागेत आम्ही राहतो त्या इमारतीत माझी ओळख ‘मोबाइलवाल्या मॅडम’ अशी आहे. निवृत्त झाल्यापासून तर ती पक्कीच झाली. खालच्या मजल्यावरचे काका फोन चार्ज होत नाही म्हणून येतात, समोरच्या वहिनी नातवाचे फोटो कुठे गायब झाले ते विचारायला येतात. मी एकदा काकांना समजावून सांगितलं, की मी फोन दुरुस्त करत नाही. फोनच्या आत जी चिप असते, तिचा एक कोपरा कसा आखायचा ते मी पोरांना शिकवत होते. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तुम्हाला हा उघडता येत नाही?” नाही येत. खरोखरच येत नाही. काका तेव्हापासून कोपऱ्यावरच्या दुकानात जातात आणि माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघतात.

तेव्हा काकांसाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी, मी नेमकं काय करत होते ते एकदा सांगून टाकते.

हवेतून फोनपर्यंत पोचणारा आवाज फार म्हणजे फारच क्षीण असतो. आल्या आल्या पहिलं काम तो मोठा करण्याचं. मोठा करणं अवघड नाही, पण मोठा करणारी यंत्रणा स्वतःचीही खरखर त्यात घालते. लग्नाच्या मांडवात म्हाताऱ्या आजोबांनी कुणाच्या तरी कानात निरोप सांगावा आणि तो पुढे नेणारा माणूस स्वतःच सारखा खोकत असावा, तर निरोपाचं जे होईल ते इथे होतं. न खोकणारा निरोप्या तयार करणं, हा माझा आयुष्यभराचा उद्योग.

नव्वदीच्या दशकात हे काम खास महागड्या पदार्थांच्या चिपवर होत असे. घड्याळं आणि कॅल्क्युलेटर ज्या साध्या सिलिकॉनवर चालतात, ते या कामाला बहिरं आहे असं भलेभले म्हणत. जगात थोडे लोक मात्र म्हणत होते, की नीट आखलं तर त्यालाही ऐकू येईल, आणि आलं तर फोन कुणाच्याही खिशात जाईल. मी त्या थोड्यांत जाऊन बसले. त्यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. महागडा माल माझ्या वाट्याला येण्याची शक्यताच नव्हती, एवढंच.

मी मूळची रहिमतपूरची. आमचे आबा सैन्यात सिग्नलला होते. निवृत्त होऊन आले तरी घरात आईशी बोलताना वाक्य संपलं की “ओव्हर” म्हणायचे, आणि आई त्यांना म्हणायची, “तुमचं कवा ओव्हर होतंय?” आमच्या वस्तीतली इंजिनिअरिंगला गेलेली मी पहिली मुलगी. लोकांनी आबांना विचारलं, पोरगी विजेच्या खांबावर चढणार का. आबा म्हणाले, “चढू द्या. उतरताबी येतं तिला.” सांगलीला शिकले, तिथल्याच कॉलेजात शिकवायला लागले, आणि काही वर्षांनी अभ्यासरजा घेऊन मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत पीएच.डी.साठी गेले.

जाताना आमच्या प्राचार्यांनी एक गोष्ट स्वच्छ सांगितली होती. “वाघमारे मॅडम, वायरलेस चिपचा पदव्युत्तर वर्ग इथे सुरू करायचं माझ्या मनात आहे. त्याला त्या विषयातली पीएच.डी. झालेला माणूस लागतो. तुम्ही पदवी घेऊन आलात तर वर्ग होईल. रजा संपेपर्यंत झाली नाही, तर विषय मिटला.” त्यामुळे माझी पदवी ही माझ्या एकटीची राहिली नव्हती. इस्लामपूर, तासगाव, कोरेगावकडची हुशार पोरं बारावीनंतर आमच्याकडे यायची, आणि चिप कशी बनते हे पाहायचं असेल तर त्यांना पार मुंबई नाहीतर बंगळूर गाठावं लागायचं. मुलींना तर घरचे तेवढ्या लांब पाठवतच नसत. तो वर्ग सांगलीत व्हायला हवा होता, आणि तो माझ्या चिपवर अडकला होता.

चिप आखणं म्हणजे काय, तर नकाशा काढणं. घराचा काढतात तसाच, फक्त घर मुंगीच्या डोक्यावर बांधायचं असतं. वर्षभर मी संगणकापुढे बसून रेघा ओढल्या. हाताला कधी झाळकामाचा वास लागला नाही. असे अनेक कॉलेजांचे नकाशे एकत्र करून परदेशातली एक फॅक्टरी एकाच चकतीवर छापत असे, म्हणून ते परवडायचं. माझे मार्गदर्शक सबनीससर. त्यांनी खटपट करून आम्हाला त्या चकतीवर एक कोपरा मिळवून दिला. कोपरा म्हणजे कोपराच. दाटीवाटीने सगळं बसवायचं.

आता माझी गंमत सांगते. आमच्या भागात माणूस पाण्याच्या पाळीवर वाढतो. एका पाटावर दोन भावांचं रान, आज तुझं, उद्या माझं. काटकसर रक्तातच असते. माझ्या चिपमध्ये आवाज मोठा करणारे दोन टप्पे होते, आणि प्रत्येकाला जमिनीशी जोडणारी स्वतंत्र तार लागते. ‘जमीन’ म्हणजे सगळी वापरलेली वीज जिथे परत जाते ती जागा. मी विचार केला, दोन तारांना दोन जागा कशाला, एकीतच भागवू. वाचलेल्या जागेत आणखी काही बसवता आलं. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की मी सरांना ते आवर्जून दाखवलं. सर कामाच्या गडबडीत “बरं” म्हणाले. सांगलीचा प्राध्यापक असता तर त्यानंही “झकास” म्हटलं असतं.

चिपा आल्या. काही प्लॅस्टिकच्या कवचात बसवलेल्या, काही नुसत्या सुट्या, तिळाच्या दाण्याएवढ्या. कवचातली एक बोर्डावर लावली, वीज दिली, आणि पडद्यावर पाहिलं तर एक उंच सुळका उभा. आत काहीही पाठवलं नव्हतं, तरी चिप स्वतःच गात होती. दुसरी लावली, तीही गायला लागली. तिसरीचंही तेच. निरोप्या न खोकणारा हवा होता. हा तर कुणी निरोप द्यायच्या आतच गाणं म्हणत सुटला होता.

दोष कळायला फार वेळ लागला नाही, आणि कळला तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटलं. दोन टप्पे एकाच बारीक लांब तारेने जमिनीला जोडलेले; या वेगाच्या लहरींना तेवढी तारही अडवते. मग दुसऱ्या टप्प्याची वीज तुंबून पहिल्यात शिरते, पहिला ती पुन्हा मोठी करतो, आणि चक्र सुरू. एका पाटात दोघांनी एकाच वेळी मोट सोडली होती.

सबनीससर मोजकं बोलायचे. म्हणाले, “पुढच्या चकतीत दुरुस्त करू.”

“पुढची कधी, सर?”

“वर्ष तरी जाईल.”

“माझी रजा जूनला संपते.”

सर म्हणाले, “संगणकावरची उत्तरं तेवढी लिहून प्रबंध दे. पण बाहेरचे परीक्षक विचारणार, चिप कुठे आहे. कागदावर तर सगळ्यांचंच सिलिकॉन ऐकतं.”

मला राग आला, आणि राग आला की माझं डोकं चालतं. सुट्या चिपा शिल्लक होत्या. जमिनीला जोडायची ती जागा मी भीतीपोटी जरा लांबट आखली होती, पट्टीसारखी. चिपला कवचात न घालता सरळ तांब्याच्या बोर्डावर चिकटवलं आणि त्या एकाच पट्टीवरून शेजारी शेजारी तीन आखूड तारा खाली उतरवल्या, तर पाट रुंद होईल. सर म्हणाले, “होईल बहुधा.” त्यांच्या तोंडी हे म्हणजे टाळ्याच. पण तारा जोडायचं संस्थेतलं यंत्र बंद होतं आणि त्याचा सुटा भाग समुद्रापलीकडून यायचा होता.

तेव्हा मला भूपाल मगदूम आठवला. माझा जुना विद्यार्थी, सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याच्या घरचा. घरच्यांना वाटलं होतं पोरगा हळदीच्या व्यापारात बसेल; त्याने साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत भिंतीवरच्या घड्याळांचे सर्किट जोडायचा छोटा कारखाना टाकला. घड्याळाची चिप बोर्डावर चिकटवून तिला केसाहून बारीक तारा जोडायच्या, हेच त्याचं काम. मी बूथवरून फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, “मॅडम, या की. यंत्र तुमचंच समजा. फक्त एक हाय, चातुर्मास चालू हाय, मी दिवस मावळायच्या आत जेवतो. पाचला कारखाना बंद.” आणि लगेच घाबरून म्हणाला, “मॅडम, तुमची चिप लय बारीक असंल काय?”

लय बारीक होती.

कारखान्यात बायकांची एक रांग सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसलेली. अंगात सुती झगा, मनगटाला जमिनीशी जोडलेली साखळी, कारण अंगातली साधी ठिणगीसुद्धा चिपेला मारते. सगळ्यांत तरबेज होत्या शालनताई. माझ्याच वयाच्या, वाढे गावाकडून सायकलवर यायच्या. त्यांनी माझी चिप काचेखाली धरली आणि मान वर न करताच म्हणाल्या, “आवं मॅडम, ह्या जागा हायत का सुईची टोकं? आमच्या घड्याळाच्या अंगणात बैलगाडी वळती.”

पहिल्या चिपेवर तार उतरवताना दाब जास्त झाला आणि खालची पट्टी उखडली. दुसरीला तार धरलीच नाही. पुन्हा दाबलं तर तडा गेला. शालनताईंनी हात मागे घेतले. रांगेतल्या बायकांची यंत्रं थांबली.

“न्हाई जमायचं,” त्या म्हणाल्या. “तुमचा माल वाया घालवायचं पाप मला नगं.”

मी खरं तर चिडायच्या बेतात होते. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि लक्षात आलं, बाईला रडू येतंय. मलाही येत होतं. मी म्हटलं, “शालनताई, चहा घेऊ.” चहा पिता पिता एक सुचलं. कवचातल्या ज्या चिपा गात होत्या, त्या काही उपयोगाच्या नव्हत्या, पण मी पिशवीत बरोबर आणल्या होत्या. भूपालने कानशीने घासून, औषधात बुडवून त्यांची कवचं काढली. आत माझ्याच नकाशाची चिप, तशीच पट्टी.

“ह्यांच्यावर हात बसवा,” मी म्हटलं. “ह्या मेल्या तरी चालतंय.”

“मेलेल्याच हायत म्हणा की.”

“न्हाई, त्या गात्यात,” मी म्हटलं, आणि माझ्या तोंडून रहिमतपूर बाहेर पडलेलं ऐकून शालनताई पहिल्यांदा हसल्या.

दाब कमी, वेळ जास्त, की दाब तोच आणि कंप कमी, असं आम्ही दोघींनी मिळून करून पाहिलं. मी तारेची लांबी सांगायची, त्या तार वळवायच्या. त्या म्हणाल्या एवढी आखूड तार ताठ होऊन तुटंल, जरा कमान पायजे. मी म्हटलं कमान जेवढी कमी तेवढं बरं. वाद झाला. चांगला खणखणीत झाला. शेवटी दोघींना न आवडणाऱ्या लांबीवर तडजोड झाली. गाणाऱ्या चिपा खर्ची पडल्या, पण हात बसला. मग खरी चिप घेतली. एक तार, दुसरी, तिसरी. तिसरी टेकल्यावर शालनताईंनी श्वास सोडला, तो साऱ्या रांगेला ऐकू गेला. आणखी एक चिप तशीच उतरली. भूपाल घड्याळाकडे न बघता दारात उभा होता. त्याची जेवायची वेळ टळायला आली होती.

या तारा उघड्या. बोट लागलं तरी गेल्या. मुंबईपर्यंत एसटीने न्यायच्या कशा? शालनताईंनी आपला स्टीलचा डबा उघडला, उरलेली अर्धी भाकरी कागदात बांधली, डबा धुऊन पुसून माझ्यापुढे ठेवला. बोर्ड आत घट्ट बसले. खंबाटकी घाटात प्रत्येक वळणाला मी डबा पोटाशी धरून वर उचलत होते, म्हणजे धक्का मला बसावा, त्याला नको. शेजारच्या आजी म्हणाल्या, “बाई, श्रीखंड हाय का?” मी हो म्हटलं. सिलिकॉन म्हटलं असतं तर जास्त चौकशी झाली असती.

संस्थेत वीज दिली. पडद्यावर सुळका नाही. सपाट रेघ. आत बारीकसा संदेश सोडला, तो मोठा होऊन बाहेर आला. मी खुर्चीत बसून सरांसमोरच रडले. ते पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. पण खरखर मोजायला घेतली तर आकडा धड येईना. मधूनच काहीतरी उसळायचं. समोरच्या इमारतीवर नुकताच मोबाइलचा मनोरा उभा राहिला होता, आणि माझी उघडी चिप त्याचं सगळं बोलणं ऐकत होती. म्हणजे बहिरी नव्हतीच ती, उलट फारच तिखट कानांची निघाली. पण मोजताना शांतता हवी. मी डब्याला भोकं पाडून जोडण्या बाहेर काढल्या, बोर्ड आतच ठेवला, झाकण लावलं, फटीला चांदीचा कागद. मनोरा गप्प झाला. आकडा आला. साध्या सिलिकॉनकडून कुणी अपेक्षा केली नव्हती इतका चांगला आला.

तोंडी परीक्षेला दक्षिणेकडचे एक ज्येष्ठ परीक्षक होते. या मालातून रेडिओ होत नाही, या मताचे. त्यांनी डबा उलटसुलट करून पाहिला, वास घेतला, आणि विचारलं, की हे एकदा झालं, पुन्हा होईल का. मी म्हटलं, “दोन चिपा आहेत, दोन्हींचा आकडा जुळतो. तिसरी हवी असेल तर माझ्याबरोबर साताऱ्याला चला.” ते आले नाहीत. सही मात्र केली. आबा मागच्या बाकावर बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “इंग्रजी काय बोललीस ते कळलं न्हाई. पर आवाज हालला न्हाई तुझा.”

जूनच्या आत मी सांगलीला रुजू झाले, आणि वर्ग सुरू झाला. पहिल्या तुकडीत मुली होत्या, हे मी आजही चारचौघांत मुद्दाम सांगते. रुखरुख आहे, नाही असं नाही. शिकवलेली बहुतेक पोरं बंगळूरला नाहीतर परदेशी गेली. आपल्या भागात चिपचं काम उभं राहील हे माझं स्वप्न अजून नुसतंच स्वप्न आहे. बाहेरून स्वस्त घड्याळं येऊ लागली तसा भूपालचा कारखाना आटला. तो आता ठिबकच्या मोटारींना लागणारी सर्किटं करतो, आणि बरं चाललंय त्याचं. शालनताईंना मी डबा परत दिला नाही, त्याला भोकं पडली होती. नवा दिला. त्या म्हणाल्या जुनाच बरा होता, ह्याचं झाकण सैल हाय.

पण एक गोष्ट त्यांनी मागितली. “घड्याळ जोडलं की काटा फिरल्याला दिसतो मला. ही तुमची काय करती, ती दावा की एकदा.” म्हणून वर्ग सुरू झाल्यावर पहिल्याच वर्षी त्यांना सांगलीला बोलावलं. प्रयोगशाळेत ती चिप एका रिसीव्हरला जोडून ठेवली होती. त्यांच्या कानाला मी हेडफोन लावला. डब्याबिब्याची इथे गरजच नव्हती. मुंबईत शांतता झाकणाने करावी लागली. सांगली-साताऱ्यात त्या लहरींवर बोलणारं अजून कुणीच नव्हतं. मोबाइल आमच्याकडे यायचा होता.

शालनताई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, कुणी बोलंना.”

मला ओशाळल्यासारखं झालं. एवढ्या लांबून बोलावून बाईला शांतता ऐकवली. म्हटलं, “आपल्याकडं अजून कुणी न्हाई बोलणारं, शालनताई. यायचे हायत.”

“येत्याल न्हवं?”

“येतील.”

मी हेडफोन काढायला हात पुढे केला. त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला, स्टूल जवळ ओढलं, पदर सावरून नीट बसल्या आणि म्हणाल्या, “मग बसू की जरा.”